बारीक तारेचे बळ

(खोडद, ता. जुन्नर येथे माता-भगिनींसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



खोडदच्या माणसाला येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे वेगळे वर्णन करून सांगावे लागत नाही. शेताच्या बांधावरून दिसणाऱ्या त्या अजस्र तबकड्या इथल्या मुलांनी जन्मापासून पाहिलेल्या आहेत. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी ती दुर्बीण पाहण्यासाठी दूरदूरच्या शाळांतून विद्यार्थी येतात. एकूण तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि वाऱ्याचा रेटा पेलण्यासाठी प्रचंड सांगाडा उभारावा लागला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग काढला. त्यांनी तबकडीचा पृष्ठभाग केवळ ०.५५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेच्या जाळीचा केला. वारा जाळीतून निघून जातो, आणि ज्या लांब रेडिओ लहरी टिपायच्या त्या मात्र जाळीवरून परावर्तित होतात. तार बारीक आहे, पण दुबळी नाही. तिच्यावर अकारण ताण येऊ नये अशी रचना तिच्याभोवती केलेली आहे.

आजचा विषय याहूनही बारीक तारेचा आहे. माणसाच्या डोक्यावरील केस साधारणपणे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर जाडीचा असतो. ज्यांचे केस जात्याच बारीक असतात त्यांचा केस खोडदच्या त्या तारेच्या दहाव्या हिश्श्याएवढाही भरत नाही. असा केस वाढवायचा, टिकवायचा तर काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता शृंगाराचा वाटेल. परंतु थोडे खोलात गेले, तर तो आरोग्याचा, घरातल्या ताटाचा आणि मुलींच्या आत्मसन्मानाचा प्रश्न आहे, असे दिसून येईल.

कोणत्याही घरात घडणारा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दहावी-बारावीतली मुलगी आरशापुढे उभी आहे. कंगव्यात केसांचा गुंता आला आहे. मागून कोणी तरी सहज म्हणते, "काय ही उंदराची शेपटी! तुझ्या आजीची वेणी गुडघ्यापर्यंत होती." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मुलगी मात्र ते शब्द विसरत नाही. लग्नकार्यात ती मागे मागे राहू लागते, फोटो काढताना डोक्यावर ओढणी घेते, खाऊच्या पैशांतून गुपचूप तेलाच्या बाटल्या आणते. ती जिना चढताना धापा टाकते, दुपारी पुस्तकावर डोके ठेवून झोपी जाते, तिच्या ओठांचा रंग फिकट पडला आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सर्वांना वेणी दिसते. मुलगी दिसत नाही.

म्हणून प्रथम केस म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. जो केस दिसतो त्यात जीव नसतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नित्यक्रम आहे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

वाढीचा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. याचा हिशेब करून पाहावा. खांद्यापासून कमरेपर्यंतचे अंतर तीस-पस्तीस सेंटिमीटर धरले, तर तेवढे केस वाढायला अडीच ते तीन वर्षे लागणार. कमरेशी पोहोचलेले केसाचे टोक चार-पाच वर्षांचे जुने असते. त्या टोकाने शेकडो न्हाणी, हजारो वेळा कंगवा, ऊन, धूळ आणि वारा सोसलेला असतो. केसावर कौलांसारखी एकमेकांवर बसलेली खवल्यांची आवरणे असतात. कौले फुटली की घर गळू लागते, तशी ही आवरणे झिजली की केसाला फाटे फुटतात आणि तो मधूनच तुटतो. बारीक केसाला घर्षण आणि ताण सोसण्याची मुभाच कमी असते.

"माझे केस वाढतच नाहीत" अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा ती खरी नसते. केस मुळाशी वाढत असतात आणि टोकाशी तेवढेच तुटत असतात. महिन्याची मिळकत येते आणि तेवढीच खर्चही होते, मग शिल्लक दिसणार कोठून? अशा घरात शहाणी गृहिणी आधी गळती शोधते. नाजूक केसांचेही तसेच आहे. ते वाढवण्याचा पहिला उपाय म्हणजे त्यांना तुटू न देणे.

या संदर्भात एक जुना समज दूर केला पाहिजे. बाळाचे जावळ काढणे हा आपल्याकडचा संस्कार आहे आणि कुळाचार म्हणून तो आनंदाने करावा. परंतु डोके पुन्हा पुन्हा भादरले की केस दाट आणि जाड येतात, या समजुतीने लहान मुलींची डोकी वरचेवर तासली जातात, त्याला आधार नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ विदुषीने १९२८ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. वस्तऱ्याने केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे त्यात आढळले. वस्तरा त्वचेवरचा केस कापतो, मुळापर्यंत तो पोहोचतच नाही. कापलेले टोक बोथट असल्याने हाताला जाड लागते, इतकेच. ज्या मुलीचे केस जन्मतः बारीक आहेत, तिचे केस बारीकच येणार. आणि त्यात कमीपणाचे काही नाही.

आता रोजच्या निगेकडे वळू. ओला केस कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. न्हाऊन आल्यावर केस पुढे घेऊन टॉवेलने फटाफट झटकण्याची सवय घराघरांत आहे. नाजूक केसांना याहून मोठा मार नाही. मऊ पंचात किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात केस गुंडाळून पाणी टिपून घ्यावे, चोळू नये. केस बरेचसे वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोके विंचरावीत, मग मधला भाग, आणि शेवटी मुळापासून. वरून खाली एकदम ओढला की सगळा गुंता खाली एका जागी गोळा होतो आणि केस पुंजक्याने तुटतात.

वेणी हे नाजूक केसांचे उत्तम संरक्षण आहे. मात्र ती सैल हवी. घट्ट ओढून बांधलेल्या केसांमुळे कपाळावरची आणि कानशिलावरची केसांची रेघ हळूहळू मागे सरकते. ताण वर्षानुवर्षे राहिला तर तेथील मुळे कायमची मिटतात. उघडे रबर केस कापते. त्याऐवजी कापडी बंद किंवा रिबिन वापरावी. बारीक केसांच्या वेणीत जड गंगावन रोज घालू नये. रात्री झोपताना सैल वेणी घातली की उशीवरचे घर्षण कमी होते. केस सरळ करणारी विजेची इस्त्री तर अशा केसांपासून दूरच ठेवावी.

तेलाविषयी आजी जे सांगत आली त्याला प्रयोगशाळेनेही दुजोरा दिला आहे, आणि ते काम मुंबईच्या संशोधकांनी केले आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुताना त्यातील प्रथिने थोडी थोडी निघून जातात. तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने ही झीज लक्षणीय कमी केली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे कारण त्यांनी दिले. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली रीत योग्यच होती. मात्र खोबरेल केसाची झीज रोखते; त्याने नवे केस उगवत नाहीत. बारीक केसांना फार तेल चोपडले तर ते टाळूला चिकटून आणखी विरळ दिसतात. न्हाण्याआधी चमचा-दीड चमचा तेल, मुख्यतः मधल्या भागाला आणि टोकांना, एवढे पुरे.

शिकेकाई आणि रिठा यांचेही तसेच. या भागात विहिरी आणि बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. जड पाण्यात साबणाचा पांढरा साका होतो आणि तो केसांवर बसून त्यांना राठ करतो. रिठा-शिकेकाईचा तसा साका होत नाही. पण जाडीभरडी शिकेकाई केसांत रगडली, तर तिचे कण खरवडतात. ती रात्री भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घ्यावी आणि पाणीच वापरावे. शाम्पू वापरायचा असेल तर सौम्य घ्यावा, पाण्यात मिसळून फक्त टाळूला लावावा. केसांची टोके ओघळणाऱ्या फेसानेच स्वच्छ होतात. त्यानंतर टोकांना थोडे कंडिशनर लावले तर गुंता कमी होतो.

ही झाली बाहेरची निगा. परंतु ज्या मुळाला पोषणच मिळत नाही, तेथे उत्तमातले उत्तम तेलही निष्प्रभ ठरते. शरीर हे हिशेबी यजमान आहे. रसद कमी पडली की ते हृदय, मेंदू, यकृत यांना आधी वाढते. केस पंगतीत सर्वांत शेवटी बसतात. म्हणूनच टायफॉइड, डेंग्यू यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. २०२० आणि २०२१ साली कोरोनातून उठलेल्या असंख्य लोकांनी हा अनुभव घेतला. कारण दूर झाले की असे केस बहुधा सहा-आठ महिन्यांत परत येतात. अशा वेळी सर्वांत मोठे औषध म्हणजे धीर.

पण कारण दूरच झाले नाही तर? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आधीच्या, २०१५-१६ च्या, सर्वेक्षणात हाच आकडा ४८ टक्के होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक स्त्री रक्तक्षयाने ग्रस्त असावी, आणि तो आकडा खाली येण्याऐवजी वर जावा, ही समाजाने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. केस गळण्याचे प्रत्येक कारण रक्तक्षय नसते. थायरॉइडचा दोष, मासिक पाळीच्या तक्रारी, आनुवंशिकता हीही कारणे असतात. परंतु केस विरळ होणे आणि दम लागणे, थकवा, नखे ठिसूळ होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर तेलाच्या दुकानात जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासावे. स्त्रीचे हिमोग्लोबिन बारापेक्षा खाली असेल तर तो रक्तक्षय होय. कित्येकदा हिमोग्लोबिन ठीक असते आणि शरीरातील लोहाचा साठा मात्र संपत आलेला असतो. फेरिटिनच्या तपासणीत तो कळतो.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली दप्तरात ठेवतात किंवा फेकून देतात. पोट दुखते, मळमळते, हे कारण खरे असते. पण गोळी जेवणानंतर घेतली की तो त्रास बराच कमी होतो. ताटात हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, डाळी, शेंगदाणे, बाजरी हवी. ज्यांना चालते त्यांनी अंडी घ्यावीत. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी नसतात, वाढत्या मुलीलाही ते द्यावेत. जेवणात लिंबू किंवा नारायणगावच्या बाजारातला ताजा टोमॅटो असला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच घेतलेला चहा मात्र ते अडवतो. लोखंडी कढईत भाजी करण्याची जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्यासारखी आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ घरांत आजही बाई सर्वांत शेवटी जेवते. पातेल्यात खाली राहिलेली आमटी आणि उरलेली भाकरी हेच तिचे ताट. कुटुंबासाठी झिजण्याच्या वृत्तीचा आपण गौरव करतो, पण त्या गौरवाआड तिची उपासमार झाकली जात असेल, तर तो गौरव नव्हे. शरीराच्या पंगतीत केस शेवटी बसतात आणि घराच्या पंगतीत गृहिणी शेवटी बसते. दोहोंचा संबंध लक्षात घेतला, तर घरातल्या स्त्रियांचे विरळ केस हे बऱ्याचदा त्या घराच्या पंगतीचे प्रगतिपुस्तकच असते.

केस शरीराचे गाऱ्हाणे कसे मांडतात, याचा विदारक दाखला महाराष्ट्राने २०२५ च्या प्रारंभी पाहिला. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक हाताला येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोके ओके होई. स्त्रिया, पुरुष, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. मुली घराबाहेर पडेनात. आधी पाण्यावर संशय घेतला गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत जाऊन अभ्यास केला. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले, आणि त्याचा उगम रेशनवर मिळालेल्या बाहेरच्या गव्हात असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. ते अति झाले की केराटिनमधील गंधकाची जागा घेते आणि केस मुळाशीच ठिसूळ होतो. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकात असेच घडले होते. शेगावकडील बहुतेकांचे केस पुढे काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले.

यातून घ्यायचा बोध दुहेरी आहे. केस गळतात तेव्हा कारण डोक्यावर नव्हे, ताटात असू शकते. दुसरा बोध असा की कमतरता जशी घातक, तसा अतिरेकही घातक. केस वाढवण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व असते. ती अधिक झाली तर केस वाढण्याऐवजी गळतात. तपासणीवाचून आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून अशी गोळी घेऊ नये. महिनाभरात कमरेपर्यंत केस, अशी जाहिरात दिसली की महिन्याला एक सेंटिमीटर हा निसर्गाचा दर आठवावा. जाहिरातीतला खोटेपणा तेवढ्यानेच उघडा पडेल.

अखेरीस एका गोष्टीचा विचार समाज म्हणून करावयास हवा. स्त्रीच्या केसांवर समाजाने हक्क सांगितला, याची एक दुःखद आठवण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. पती गेला की कोवळ्या वयातील विधवेचे केशवपन होई. आगरकरांनी ‘सुधारक’मधून त्यावर प्रहार केले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला. पोटावर पाय येत असतानाही त्यांनी दाखवलेले हे धैर्य हिंदू समाजाच्या आत्मशुद्धीचे लखलखीत उदाहरण आहे. ती रूढी गेली. पण स्त्रीची किंमत तिच्या केसांवरून करण्याची सवय अद्याप पुरती गेलेली नाही. स्थळ पाहताना मुलीच्या वेणीची लांबी डोळ्यांनी मोजली जाते. उपचारांमुळे डोक्यावरचे केस गेलेली कर्करोगग्रस्त भगिनी हळदीकुंकवाला जायला संकोचते. तेव्हा वस्तरा हातात होता, आज तो जिभेवर आहे. तो खाली ठेवणे प्रत्येक घराच्या हाती आहे.

म्हणून घरी गेल्यावर आईने मुलीला जवळ घ्यावे. तिच्या केसांना तेल लावताना, हलक्या हाताने गुंता सोडवताना तिला विचारावे, "बाळ, तुला थकवा येतो का? पाळीचा त्रास होतो का? दुपारचा डबा संपवतेस का?" तेल लावण्याचे ते पंधरा मिनिटांचे काम मायलेकींच्या बोलण्याचे निमित्त होते, हेच त्या जुन्या रीतीचे खरे मोल आहे. आणि त्या रात्री घरातील सर्वांनी एकत्र पंगतीला बसावे. आईचे ताट सर्वांच्या बरोबर वाढले जावे.

इथल्या त्या तबकड्या अवकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत तासन्‌तास टिपत राहतात, तेव्हा कोठे एक चित्र उमटते. त्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलींचे संकेतही असेच क्षीण असतात. कंगव्यात अडकलेले चार केस, चेहऱ्यावरचा फिकटपणा, न बोललेली एखादी तक्रार. ते टिपायला दुर्बीण लागत नाही. घरातल्या माणसांचे लक्ष तेवढे लागते.